व्हीची एम झाली त्या सोमवारची गोष्ट

नमस्कार मंडळी. कुकर उतरला असेल, पाणी भरून झालं असेल, आता दहा-पंधरा मिनिटं निवांत बसा, कारण आज मी तुम्हाला पार न्यूयॉर्कला नेणार आहे, तेसुद्धा जमिनीखालच्या गाडीने.

आता नाशिकच्या रेडिओवर न्यूयॉर्कची सबवे कशाला, असं म्हणाल. तर आपल्याकडे 8 जुलै 2021 ला महापालिकेची सिटीलिंक बस सुरू झाली, त्याआधी शहरात एसटीच्याच बसेस फिरायच्या, आणि माझ्या सासूबाई अजूनही सिटीलिंकमध्ये बसून शालिमारला जातात आणि घरी येऊन सांगतात, एसटीने आले. बस बदलली, रंग बदलला, तिकीट बदललं, तोंडातलं नाव काही बदललं नाही. आजचा विषय हाच आहे, गाडीचं नाव, नंबर, मार्ग बदलला की माणसांचं काय होतं. आणि हे बदल न्यूयॉर्कवाल्यांइतके फार थोड्यांनी बघितले असतील.

थोडा इतिहास सांगते, थोडाच. ही सबवे 27 ऑक्टोबर 1904 ला सुरू झाली, तिकीट पाच सेंट. आणि हे पाच सेंट 1948 पर्यंत तसेच होते बरं का, चव्वेचाळीस वर्षं! पहिली लाइन सिटी हॉलपासून निघायची, शहराच्या पूर्व बाजूने वर जायची, बेचाळिसाव्या रस्त्यावर आडवी वळायची आणि मग पश्चिम बाजूने परत वर. म्हणजे इंग्रजी झेड काढल्यासारखी. 1 ऑगस्ट 1918 ला त्यांनी या झेडचा एच केला, म्हणजे पूर्वेची लाइन वेगळी, पश्चिमेची वेगळी, आणि मधला आडवा तुकडा उरला त्यावर नुसती ये-जा करणारी छोटी गाडी, शटल. पहिल्याच दिवशी त्या शटलवर असा लोंढा आला की काही विचारू नका. दोन दिवसांत शटल बंद करावी लागली, ती सप्टेंबरच्या शेवटी परत चालू झाली. लोकांना इतकं साधं कळेना की आपण ज्या गाडीत रोज बसतो ती आता सरळ का जाते.

तेव्हा तीन वेगवेगळ्या सबवे होत्या, दोन खाजगी कंपन्यांच्या आणि तिसरी 1932 पासून खुद्द शहराची. 1940 मध्ये तिन्ही एकत्र आल्या, पण कागदावर. कारण सगळ्यात जुन्या कंपनीचे डबे अरुंद आणि बाकी दोघींचे रुंद, त्यामुळे आजही अरुंद गाड्यांना नंबर आहेत, एक-दोन-तीन, आणि रुंद गाड्यांना अक्षरं, ए-बी-सी. परत सांगते, नंबरवाली अरुंद, अक्षरवाली रुंद. अक्षरातसुद्धा पूर्वी गंमत होती, ए म्हणजे फास्ट गाडी आणि एए म्हणजे तीच, पण सगळीकडे थांबणारी. 1985 मध्ये ही डबल अक्षरं काढून टाकली. मला विचाराल तर वाईट झालं, आपल्याकडे बसवर नुसतं जलद लिहितात आणि ती बस रस्त्यात हात दाखवेल त्याच्यासाठी थांबते, त्यापेक्षा एए काय वाईट होतं.

मग 1967. 26 नोव्हेंबर 1967, रविवार. शहराची मूळची सबवे आणि दुसऱ्या जुन्या खाजगी कंपनीचे मार्ग यांना जोडणारा एक बोगदा सुरू झाला, क्रिस्टी स्ट्रीटचा. आणि एका दिवसात ब्रुकलिनच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्याच एका भागातल्या लोकांच्या कितीतरी गाड्यांची नावं आणि वाटा बदलल्या. हे क्रिस्टी स्ट्रीट नाव लक्षात ठेवा, कारण याच बोगद्याने पुढे माझी फजिती केली. म्हणजे बोगद्याचा दोष नाही, दोष माझाच, आता ऐकाच.

2010 सालची गोष्ट. मी लेकीकडे गेले होते, न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात, जॅक्सन हाइट्सला. तिथे आपल्या लोकांची एवढी दुकानं की पोह्यापासून पापडापर्यंत सगळं मिळतं, मी इथून नेलेला गोडा मसाला तेवढा तिथे मिळत नव्हता. लेकीची एक मैत्रीण, आपल्या सिडकोतलीच, ती मॅनहॅटनमध्ये राहायची, सेकंड अॅव्हेन्यू नावाच्या स्टेशनजवळ, आणि ती नुकतीच बाळंत झालेली. तिची आई व्हिसाच्या भानगडीत इकडे अडकलेली. मग मी म्हटलं, मी घालते बाळाला आंघोळ. रोज सकाळी नऊच्या सुमाराला मी निघायचे, हातात डबा, डब्यात अळिवाचे लाडू. आता अळिवाच्या लाडवात काही जणी साखर घालतात, त्यांना माझा हात जोडून नमस्कार, अळिवाला गूळच, आणि ओलं खोबरं, आणि अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे, साध्या पाण्यात नाही. असो.

लेकीच्या घराखालच्या स्टेशनवर चार अक्षरांच्या गाड्या यायच्या. ई, एफ, आर आणि व्ही. मला इंग्रजी वाचता येतं हो, पण घाईत ती गोलातली अक्षरं सगळी सारखीच दिसतात, म्हणून मी माझं माझं ठरवून ठेवलं होतं. ई म्हणजे ईश्वर, आर म्हणजे राम, व्ही म्हणजे विठ्ठल. एफला देव सापडेना, म्हणून एफ म्हणजे फणस. आणि माझी गाडी विठ्ठल. कारण व्हीचं शेवटचं स्टेशनच सेकंड अॅव्हेन्यू. म्हणजे बसायचं, डुलकी लागली तरी चिंता नाही, शेवटी सगळ्यांनाच उतरायचं. आपण सीबीएसला, त्या मोठ्या बसस्टँडला, निश्चिंत असतो ना, तसं.

पंधरा दिवस छान चाललं. मग स्टेशनवर कागद लागले, मोठमोठे, प्रत्येक खांबाला, की व्ही बंद होतेय, तिच्या जागी एम येतेय. झालं होतं असं की तिथल्या वाहतूक मंडळाचे पैसे कमी पडले होते आणि गाड्या कमी करायच्या होत्या. आता एम नावाची गाडी आधीपासून होती, पण ती दुसरीकडे, ब्रुकलिनच्या बाजूला, तपकिरी रंगाची. सुरुवातीला ठरलं होतं ते उलटं, म्हणजे एम बंद करायची आणि व्ही लांबवायची. पण बोर्डातलेच लोक म्हणाले, एम जुनी आहे, लोकांना तिची सवय आहे, व्ही तर 2001 साली आलेली कालची पोर, तेव्हा नाव एमचं राहू द्या. म्हणून व्हीचा मार्ग एमला मिळाला, व्हीचा नारिंगी रंग एमला मिळाला, आणि व्ही गेली. मला हे फार आवडलं होतं, की एवढ्या मोठ्या शहरात बैठकीत बसून माणसं एका अक्षराचा विचार करतात. आपल्याकडे चौकाचं नाव बदलतात तेव्हा फलक लागतो, रिक्षावाल्याला विचारा, तो जुनंच सांगतो.

तर शुक्रवार, 25 जून 2010, व्हीचा शेवटचा दिवस. शनिवारी वटपौर्णिमा, ती आम्ही वडाच्या छापील चित्राला सूत गुंडाळून केली, काय करणार. रविवारी लेक म्हणाली, आई, उद्यापासून व्ही नाही, लक्षात आहे ना, उद्यापासून तू एफने जा. मी म्हटलं हो हो. आणि मनात म्हटलं, एफ कशाला, व्हीची एम झालीय ना. व्ही म्हणजे विठ्ठल, एम म्हणजे माऊली. इकडे आपल्याकडे निवृत्तिनाथांच्या पालखीचे दिवस, आषाढी तोंडावर, आणि तिकडे विठ्ठलाची माऊली झाली, मला तर बाई शकुनच वाटला. विठ्ठल काय आणि माऊली काय, शेवटी एकच की!

इथे चुकले. अध्यात्मात एकच असेल, सबवेत नाही.

सोमवारी सकाळी मी नेहमीच्या जागी उभी, प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला, कारण तिथे बसायला जागा मिळायची. गाडी आली आणि माझ्या पुढ्यात येऊन थांबलीच नाही, मागेच थांबली. का, तर व्ही होती सहाशे फूट लांब आणि एम चारशे ऐंशी, ब्रुकलिनकडचे प्लॅटफॉर्म आखूड ना, म्हणून. नव्वद-शंभर फूट मी पळाले, डबा छातीशी धरून, माझ्यासोबत एक टाय घातलेला साहेब पळतोय, एक शाळेतली पोरगी पळतेय, सगळे एकाच वेळी फसलेले. कसेबसे चढलो.

गाडीत तो आवाज येत होता, की ही एम गाडी आहे, पुढचं स्टेशन अमुक. त्या सबवेत दारं बंद होताना जो पुरुषाचा आवाज येतो ना, बाजूला व्हा, दारं बंद होताहेत, तो चार्ली पेलेट नावाच्या एका रेडिओवाल्याचा आहे. खरंच, रेडिओवर बातम्या देणारा माणूस. म्हणजे आमच्या धंद्यातला. रोज लाखो लोक त्याचं ऐकतात, आणि आम्ही इथे गॅस बुकिंगची माहिती सांगतो तर तुम्ही आवाज बारीक करता. असो, असो.

मला डुलकी लागली. बेचाळिसाव्या रस्त्यापर्यंत आठवतंय, पुढचं नाही. आणि मग एकदम डोळ्यांवर ऊन आलं. आता तुम्हीच सांगा, जमिनीखालच्या गाडीत ऊन कुठून येणार? मी डोळे उघडले तर खिडकीतून पाणी दिसतंय. खाली नदी, भली रुंद, त्यात एक बोट, बाजूने लोखंडी तुळया सटासट मागे चालल्यात, आणि गाडी पुलावरून खडखडत निघालीय. मला पहिल्यांदा वाटलं मी झोपेत गोदावरीचा पूल बघतेय, पण गोदावरीला एवढं पाणी पूर आल्याशिवाय नसतं. तो होता विल्यम्सबर्ग पूल. सेकंड अॅव्हेन्यूचा फाटा मागेच राहिला होता. एम तिकडे जातच नव्हती, ती त्या क्रिस्टी स्ट्रीटच्या बोगद्यातून वळून पूल ओलांडून ब्रुकलिनला जात होती. त्या बोगद्याच्या त्या तुकड्यातून 1976 नंतर रोजची प्रवासी गाडी गेलीच नव्हती, चौतीस वर्षं रूळ नुसते पडून होते, आणि ज्या दिवशी रोजची गाडी परत चालू झाली त्याच दिवशी आत कोण, तर मी, लाडू घेऊन, घोरत.

उतरायची हिंमत होईना. गाडी आता घरांच्या वरून चालली, गच्च्या दिसताहेत, दोरीवर कपडे वाळताहेत, कुणाच्या खिडकीत कुंड्या. मी आपली बसून. शेवटी गाडी थांबली, सगळे उतरले, आणि निळ्या युनिफॉर्ममधली एक बाई आली, कंडक्टर, म्हणाली शेवटचं स्टेशन आहे, कुठे जायचंय. मी म्हटलं सेकंड अॅव्हेन्यू. ती हसली, वाईट नाही हसली, म्हणाली आजी, ती व्ही होती. आणि म्हणाली, बसून राहा, हीच गाडी परत जाईल, एसेक्सला उतरा, तिथून एफ घ्या, एकच स्टेशन.

आणि गंमत बघा, ते शेवटचं स्टेशन, मेट्रोपॉलिटन अॅव्हेन्यू, हे क्वीन्समध्येच. म्हणजे ही एम क्वीन्समधून निघते, मॅनहॅटन फिरते, ब्रुकलिन फिरते आणि परत क्वीन्समध्ये येऊन संपते. दोन टोकांत सरळ अंतर धरलं तर चारेक किलोमीटरच, म्हणजे आपलं पंचवटीतून पाथर्डी फाट्याला जायचं तेवढंसुद्धा नाही. गंगापूर रोडवरून निघा, नाशिकरोड, देवळाली, भगूर सगळं बघा आणि सातपूरला उतरा, तसं. तास-सव्वातास प्रवास करून मी लेकीच्या घरापासून काही फार लांब गेलेच नव्हते.

परत आले. एसेक्सला उतरले, फणस पकडला, म्हणजे एफ, एक स्टेशन. पोचेपर्यंत बाळाच्या बाबाने स्वतःच बाळाला आंघोळ घातली होती, बाथरूमभर पाणी, बाळ टॉवेलमध्ये गुंडाळलेलं, आणि बाबा बाळापेक्षा जास्त ओला. लाडू मात्र शाबूत होते. कंडक्टर बाईंना एक दिला होता, तेवढा कमी.

काचेपलीकडून पाच मिनिटांची खूण झालीय, म्हणजे बाकीचं भरभर. मला खरं तर शनिवार-रविवारच्या बदलांबद्दल सांगायचं होतं. ही सबवे दिवसरात्र चालते, चोवीस तास, त्यामुळे दुरुस्ती करायची तर चालू रुळांवरच, म्हणून दर शनिवार-रविवारी कुठली तरी गाडी दुसरीच्या वाटेने जाते आणि खांबांवर कागद लागतात. ते कागद वाचायचे, बाकी काही नाही. रात्री ठरवून बंद अशी ही सबवे पहिल्यांदा ठेवली ती करोनात, 6 मे 2020 पासून रात्री एक ते पाच, साफसफाईसाठी, आणि 17 मे 2021 ला परत चोवीस तास सुरू झाली. 1904 पासून पहिल्यांदा, लक्षात घ्या.

मॅनहॅटन ब्रिजची गोष्ट राहिली, तिथे 1986 ते 2004 कधी या बाजूचे रूळ बंद तर कधी त्या बाजूचे, अठरा वर्षं ब्रुकलिनच्या लोकांच्या गाड्या इकडून तिकडे होत राहिल्या, एक अख्खी पिढी शाळेतून कॉलेजात गेली. ते सविस्तर परत कधी. आपल्या मेट्रो निओबद्दलही बोलायचं होतं, रबरी चाकांची, 2021 च्या बजेटमध्ये 2092 कोटी म्हणून नाव आलं होतं, तेव्हाच मी माझ्या स्टेशनचं अक्षर ठरवून ठेवलंय.

आणि हो, परवा एका श्रोत्याने विचारलं होतं, तिथल्या डब्ल्यू नावाच्या गाडीचं काय झालं. डब्ल्यूही व्हीबरोबरच, त्याच शुक्रवारी बंद झाली होती. ती 7 नोव्हेंबर 2016 ला परत आली. व्ही अजून आलेली नाही. खूण झाली. नमस्कार.