टिंबवाली पुस्तकं

हे पुस्तकांचं कपाट कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतलं, माझ्या आत्याचं. शिसवी वगैरे काही नाही, साधं लोखंडी, दार उघडताना कसं करकरतंय तेवढं ऐका. आत्याला तिचं वय विचारलं तर म्हणते, "मी अठ्ठावन्न सालापासून वाचतो, कर की हिशोब तूच."

हो, 'वाचतो'च. बाहेरच्यांनी गोंधळू नये, आमच्याकडं बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, निदान जुन्या पेठांत आणि आसपासच्या खेड्यांत तरी. शाळेत 'येते' म्हण म्हणून तिनं छडी खाल्लीय, आणि पुस्तकातल्या बायका तर सगळ्याच येतेवाल्या. मग १९८७ मध्ये आपल्या कागलच्या आनंद यादवांचं 'झोंबी' आलं, तीन वर्षांनी त्याला साहित्य अकादमी मिळाली, पण आत्याला त्याचं काय, ती म्हणाली, "हे आपल्यातलंच कोणतरी बोलालंय."

आता हे पान बघा, जवळून घेतलंय. 'नांव'. 'कांहीं'. 'घरांत'. नुसती टिंबंच टिंबं. कधीकाळी हे शब्द नाकातून बोलले जायचे, त्याचा हा माग. बोलणं बदललं तरी टिंबं राहिली, आणि १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ती काढून टाकली. पहिलं पान फाटलेलं असू दे, साल उडालेलं असू दे, आत्या मधलंच एक पान उघडते आणि सांगते, "बासष्टच्या आधीचं." म्हणजे अगदी तारखेला टिंबं गेली असं नाही, छापणारे सवयीनं लावत राहिलेच असणार, पण अंदाज सहसा चुकत नाही तिचा.



आणि आता बायंडिंग. हे मी अख्खं शूट केलंय कारण आत्याचे हात बघण्यासारखे आहेत. आधी जुना पुठ्ठा सोडवायचा, पाठीला ओली खळ लावून थांबायचं, वाळलेला सरस मऊ पडला की बोथट सुरीनं खरवडायचा, घाई केली की पान गेलंच म्हणून समजा, कारण लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद हवेनं उजेडानं पिवळा पडतो आणि मग दुमडला तिथं तुटतो. खळ मैद्याची, मंद गॅसवर, गुठळी होऊ द्यायची नाही, आणि ती निळी चिमूट दिसतेय ना, ते मोरचूद. कसर लागू नये म्हणून. खाण्याच्या भांड्यात ही खळ करायची नाही, हे तिनं मला तीनदा बजावलं. मग फाटक्या घड्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या, मग जुजबंदी, एकेक फॉर्म, म्हणजे पानांची घडी, मधोमध उघडून दाभणानं भोकं, मेण लावलेला दोरा आत-बाहेर आत-बाहेर. यंत्रानं कडेला टाके मारलेलं पुस्तक पूर्ण उघडत नाही, हे कसं पसरतंय बघा. शेवटी पुठ्ठा, पाठीला कापड, आतून अस्तर, आणि वरून दाब म्हणून चक्क पाटा. मिक्सर आल्यापासून त्याला दुसरं काम नाही.

भिंतीवर ही रेघ दिसतेय ती २०१९ च्या पुराची. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, तेव्हा पाणी ५५ च्या वर गेलं. खालचे दोन कप्पे गेले. लगदा झालेला, रद्दीवाल्यानं पण घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटा काढला. आत्यानं पेन घेतलं, अस्तरावर तारीख टाकली, खाली स्वतःचं 'नांव' असं लिहिलं, टिंब देऊन, बासष्ट सालानंतरही. मी म्हटलं, आत्या, हे चुकीचं आहे आता. तिनं चष्म्यावरून बघितलं.

"झालं काय तुझं शूटिंग? बंद कर ते. मी चहा टाकतो."