दोन वेळांचा तक्ता : २६/११ वर्गात अभ्यासताना

(दृश्य : संरक्षणशास्त्राचा वर्ग. टेबलावर कोरा चार्टपेपर, पट्टी, पेन्सिल, निळं पेन.)

२६ नोव्हेंबर २००८. दहा अतिरेकी समुद्रमार्गे मुंबईत उतरले. २९ तारखेच्या सकाळी ताजमधली शेवटची चकमक संपली. हा घटनाक्रम सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि नेमकं म्हणूनच हे प्रकरण अभ्यासायला अवघड जातं. शेवट ठाऊक असला, की प्रत्येक टप्प्यावर ‘हे तेव्हाच कळायला हवं होतं’ असं वाटत राहतं.

म्हणून आधी चार्टपेपरवर पाच रकाने आखायचे. कधी घडलं. कुठे. काय. कोणाला कधी कळलं. कशावरून. घाई असली की चौथा रकाना रिकामा राहतो, आणि खरा अभ्यास तर तिथेच आहे.

(दृश्य : ‘कोणाला कधी कळलं’ या शब्दांखाली ओढलेली रेघ.)

पायाभूत दस्तऐवज म्हणून कसाब खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २९ ऑगस्ट २०१२ चा निकाल घ्यावा. त्यातली नोंद पेनानं, पहिल्या रात्रीच्या बातम्यांतली पेन्सिलीनं. त्या रात्रीचे आकडे तासातासाला बदलत होते. निकालात १६६ मृत आणि २३८ जखमी आहेत. मृतांपैकी १८ पोलीस आणि सुरक्षा दलांचे. काही ठिकाणी १७५ वाचायला मिळतं. तिथे मारले गेलेले ९ अतिरेकीही धरलेले असतात. आकडा लिहिताना त्यात कोण धरलं आणि कोण वगळलं, हे शेजारी लिहायचंच.

हा निकाल एवढ्या तपशिलात आपल्या हाती आहे, तो तुकाराम ओंबळे यांच्यामुळे. गिरगाव चौपाटीवर त्यांनी गोळ्या झेलत कसाबची बंदूक सोडली नाही. त्यांचे प्राण गेले, पण एक आरोपी जिवंत सापडला आणि पुरावा न्यायालयात तपासला गेला.

आता चौथा रकाना. अतिरेक्यांसाठी काम करणाऱ्या डेव्हिड हेडली या अमेरिकन नागरिकानं ताज आणि इतर ठिकाणांची टेहळणी हल्ल्याच्या आधी केली. पहिल्या रकान्यात ही नोंद अगदी वर येते. पण त्याला शिकागोत अटक झाली ऑक्टोबर २००९ मध्ये, हल्ल्यानंतर दहा महिन्यांहून थोड्या अधिक काळानं. म्हणजे २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या अधिकाऱ्यापुढे ही माहिती नव्हतीच. ती त्याच्या माथी मारून निष्कर्ष काढला, तर तो चुकलाच.

दुसरी नोंद टॅक्सीची. कसाब आणि त्याचा साथीदार ज्या टॅक्सीनं सीएसटीला आले, तिच्यात त्यांनी टायमरचा बॉम्ब ठेवला होता. टॅक्सी पुढचं गिऱ्हाईक घेऊन निघाली आणि दूर उपनगरात, विलेपार्ल्यात स्फोट झाला. दुसऱ्या टॅक्सीत स्फोट झाला वाडी बंदरला. तक्त्यात अशा प्रत्येक बॉम्बला दोन ओळी लागतात, ठेवल्याची आणि फुटल्याची. एकच ओळ लिहिली, तर दहा माणसं एका वेळी अख्ख्या शहरात कशी, हा गोंधळ सुटत नाही. त्या रात्री हल्लेखोर नेमके किती, याचा अंदाज येणं का कठीण होतं, ते या दोन ओळी शेजारी ठेवल्यावर उमगतं.

(दृश्य : भारताचा नकाशा. मानेसर, चंदीगड, दिल्ली, मुंबई.)

‘एनएसजी उशिरा पोचली.’ केंद्राच्या या कमांडो दलाबद्दलचं हे वाक्य बहुतेक उत्तरपत्रिकांत असतं आणि तिथेच थांबतं. उशीर तुकड्यांत मोडायचा. मदतीची मागणी आणि हुकूम. मानेसरहून जवानांचा दिल्ली विमानतळापर्यंतचा प्रवास. चंदीगडला असलेलं मोठं मालवाहू विमान तिथे आणणं. उड्डाण. शेवटी मुंबई विमानतळ ते कुलाबा, रस्त्यानं. नौदलाचे मार्कोस कमांडो त्याआधी पोचले होते. त्यांची ओळ वेगळी.

असं मोडलं की नंतरच्या सुधारणा पारखता येतात. २००९ मध्ये मुंबईत एनएसजीचं केंद्र आलं, तेव्हा विमानाचे टप्पे गळाले. त्याच वर्षी राज्यानं फोर्स वन हे स्वतःचं कमांडो दल उभारलं. पण मागणी कोण करणार, किती वेळात करणार, हा पहिला तुकडा इमारत बांधून सुटत नाही. राज्यघटनेत पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांचे विषय आहेत. अमेरिकेनं २००२ च्या कायद्यानं २२ यंत्रणा एका खात्याखाली आणल्या. त्यावरची पुस्तकं जरूर वाचावीत, त्यांचा साचा मात्र इथे जसाच्या तसा बसवू नये.

टीव्हीच्या थेट प्रक्षेपणालाही स्वतंत्र ओळ द्या. पाकिस्तानातले सूत्रधार पडद्यावर पाहून फोनवर सूचना देत होते. न्यायालयानं वाहिन्यांवर कडक ताशेरे ओढले. केबल नियमांत बदल झाला २०१५ मध्ये. आता अशी कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्यानं वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवता येते.

(दृश्य : कफ परेडचा मच्छिमार नगरचा किनारा. ओढून ठेवलेल्या होड्या.)

आता तक्त्याच्या वरच्या भागातली एक ओळ, जी अनेकदा सुटते. अतिरेक्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावली होती. किनाऱ्यापर्यंतचा शेवटचा पल्ला त्यांनी रबरी होडीतून कापला. उतरताना त्यांना इथल्या कोळी बांधवांनी पाहिलं, हटकलंही. ‘कोणाला कधी कळलं’ या रकान्यात सगळ्यांत आधी येतात ते हेच लोक. त्यांच्या ओळीसमोर पेन्सिलीनं प्रश्न लिहा : पाहिलेलं सांगायचं कोणाला, कोणत्या नंबरवर? आज किनाऱ्यावरच्या माणसासाठी सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ आहे. जवळच्या कोळीवाड्यात जा आणि हे दोन्ही नंबर किती जणांना पाठ आहेत, ते विचारून त्याच ओळीत लिहा.