बोरिंग कोण आणि बोअर्ड कोण?

नमस्कार मंडळी! आज इंग्रजीतली बोरिंग-बोअर्ड ही जोडगोळी घेऊया, म्हणजे आयएनजी कुठे लावायचं आणि ईडी कुठे.

आमच्या शेजारच्या वहिनी पेरेंट्स मीटिंगला गेलेल्या. पोरगा पाचवीत, हुशार, पण गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायचा, कारण त्याला ते सगळं आधीच यायचं. वहिनींनी वाक्य घरूनच पाठ करून नेलेलं. नंबर लागला तशा म्हणाल्या, "मॅडम, माय सन इज व्हेरी बोरिंग इन युअर क्लास." मॅडमना वाईटच वाटलं, "नो नो, ही इज अ लव्हली बॉय!" वहिनींना वाटलं ह्यांना पटत नाहीये, म्हणून अजून जोरात, "नो मॅडम, एव्हरी डे बोरिंग!" आता मॅडम पोराच्या बाजूने भांडायलाच लागल्या, तो किती गोड बोलतो, वर्गाला कसा हसवतो, आईनेच असं म्हणू नये वगैरे, आणि पोरगा बाजूला दप्तराचा बंद ओढत उभा. शेवटी वहिनी वैतागल्या, "अहो, त्याला कंटाळा येतो हो तुमच्या तासाला!" मॅडम मराठीतच म्हणाल्या, "असं होय! मग पुढची गणितं देते की त्याला." झालं काम! माझं स्पष्ट मत आहे, समोरच्याला मराठी येत असेल तर पालकांनी शाळेत बिनधास्त मराठीतच बोलावं, तिथे पोराचं भलं बघायचं असतं, आपली परीक्षा नसते.

तर मुद्दा असा, जे कंटाळा आणतं ते बोरिंग, ज्याला कंटाळा येतो तो बोअर्ड. परत सांगते, आणणारं ते आयएनजी, ज्याला येतो तो ईडी. प्रवास टायरिंग, आपण टायर्ड. निकाल शॉकिंग, घरचे शॉक्ड. माणूसही बोरिंग असतो, पण तेव्हा तो दुसऱ्याला पिडत असतो. इंटरव्ह्यूला जाणाऱ्यांनो, "आय ॲम इंटरेस्टेड इन धिस जॉब", इंटरेस्टेडच म्हणायचं, लक्षात ठेवा.

भावनेचा संबंध नसेल तिथे फक्त चालू आहे की होऊन गेलंय ते बघा. बॉइलिंग वॉटर उकळतंय, बॉइल्ड वॉटर उकळून झालंय, मग ते माठातलं गार का असेना. फॉलिंग लीव्ह्ज गळतायत, फॉलन लीव्ह्ज गळून पडलीयेत. आणि ईडी दिसेलच असं नाही हं, ब्रोकन, फ्रोझन, स्टोलन, ही सगळी क्रियापदाची तिसरी रूपं, ब्रेक-ब्रोक-ब्रोकन मधल्या ब्रोकनसारखी. स्टेशनवरचं ड्रिंकिंग वॉटर मात्र ह्यात धरू नका, ते पिण्यासाठीचं पाणी, आणि वॉकिंग स्टिकही तशीच, चालताना टेकायची.