निर्माता सोवळ्यात नव्हता

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

पत्रिकेत विषय 'प्रारंभी शब्द होता' असा छापला आहे. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाची, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या कथेची, ही पहिली ओळ. तिथे 'शब्द' म्हणजे येशू, देवाचा पुत्र. मला दिलेल्या वेळातला बराचसा सत्कारात आणि माइकच्या खरखरीत गेला, त्याबद्दल कुणाला दोष देत नाही. नारळ घेतला आहे, तेव्हा बोलणं भाग आहे. मला एकच गोष्ट गळी उतरवायची आहे. इ.स. 325 मध्ये आजच्या तुर्कस्तानात, निकेया नावाच्या गावी सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांची परिषद भरवली. तिथे गाजलेला वाद येशूच्या मानपानाचा होता असं सगळे समजतात. माझं म्हणणं आहे की तो वाद मुळात सृष्टीचा होता. हे जग देवाने स्वतः केलं की कुणाकरवी करवून घेतलं, यावर ती माणसं भांडत होती.

या परिषदेला नुकतीच सतराशे वर्षं पूर्ण झाली. आपल्याकडे किती ठिकाणी वाचलंत? डिसेंबर आला की मला मात्र फोन येतात. "सर, नाताळवर पाचशे शब्द हवेत, करंज्या कशा करतात तेही येऊ द्या." करंज्यांवर माझा राग नाही, पण योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय करंजीच्या सारणात बसत नाही. आणि जिथे जातो तिथे प्रास्ताविक करणारे गृहस्थ सांगून टाकतात की 'त्यांचा शब्द म्हणजे आपलं शब्दब्रह्मच'. टाळ्या पडतात, मी उभा राहण्याआधीच व्याख्यान संपलेलं असतं! साम्य आहे, नाकारत नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्यात बसून क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची मराठी ओवीबद्ध कथा, रचणाऱ्या फादर स्टीफन्सनाही ते जाणवलं असणार. त्यांनी पहिल्याच ओवीत स्वर्ग-पृथ्वी रचणाऱ्याला नमन केलं, तेही थेट आपल्या पुराणांच्या थाटात. पण साम्य सापडलं की आपण पुढचं ऐकायचं थांबतो. योहान ज्याला शब्द म्हणतो तो ध्वनी नाही, मंत्र नाही, वेद नाही. तो 'कोण' आहे, 'काय' नाही. आणि जग त्याच्यातून पाझरलेलं नाही, त्याच्याकडून केलं गेलं आहे. या दोन वाक्यांत सगळं आलं, पण ते उलगडायला रोमकर आणि ग्रीक मंडळींना तीनशे वर्षं लागली, तेव्हा मलाही थोडा वेळ द्या.

आता हा अध्याय माझ्या कानावर कसा पडला ते सांगतो. वसईकडच्या ज्येष्ठांना हे आठवत असेल. आमच्या लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. मिस्सा संपली, आशीर्वाद झाला, तरी घरी जायची सोय नव्हती. फादर वेदीच्या डाव्या टोकाला जायचे. तिथे चौकटीतला एक छापील तक्ता उभा असायचा. त्यावरून ते योहानाच्या पहिल्या अध्यायातल्या चौदा ओळी वाचायचे. त्याला म्हणायचेच 'शेवटचं शुभवर्तमान'. जवळपास रोज, जवळपास प्रत्येक मिस्साला तेच. लोक ताटकळलेले. बायकांनी पोरांची बकोटी धरलेली, मागच्या बाकावरच्या बाप्यांचे डोळे दाराकडे. मी वेदीसेवक होतो, म्हणजे फादरांच्या हाताखाली घंटा वाजवणारा पोरगा. मला त्या लॅटिनमधलं एक अक्षर कळत नव्हतं. पण 'एत व्हेर्बुम कारो फाक्तुम एस्त', म्हणजे 'आणि शब्द देही झाला', हे शब्द आले की अख्खं चर्च गुडघा टेकायचं, ते कळायचं. दाराकडे सरकलेले बाप्येसुद्धा जिथल्या तिथे टेकायचे. माझे आजोबा गुडघेदुखीने हैराण होते. जिना चढताना दर पायरीला कुरकुर करणारा हा माणूस त्या चार-पाच शब्दांना मात्र खाली जायचाच. विचारलं तर म्हणायचे, "सगळे टेकतात." बस. वाचन संपलं की आम्ही पोरं 'देओ ग्रासियास' म्हणायचो, देवाचे आभार. आमच्या त्या 'देओ ग्रासियास'मध्ये जेवढी कळकळ होती तेवढी मी नंतर कुठल्याही प्रार्थनेत आणू शकलो नाही. (हशा)

1964 साली रोमहून आदेश निघाला आणि पुढच्या वर्षी हे वाचन गेलं. कारणं रास्त होती. आशीर्वाद देऊन झाल्यावर परत वाचन कशाला, हे लहान पोरालाही पटेल. मला तर फारच पटलं होतं. पण आता माझी तक्रार ऐका. जे रोज कानावर पडायचं, ते आता नाताळच्या दिवसाच्या मिस्साला वाचतात. त्या वेळी निम्मी मंडळी मध्यरात्रीच्या मिस्साहून येऊन घोरत असतात. तिथे ती लूकच्या शुभवर्तमानातला गोठा आणि मेंढपाळ ऐकून आलेली असतात. योहान परत येतो तो 31 डिसेंबरला! त्या दिवशी सृष्टीच्या आरंभाविषयी कोण ऐकून घेणार? त्या दिवशी लोकांना फक्त वर्षाच्या शेवटाची चिंता असते.

असो. मुद्द्याकडे येतो. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेलं मी पाहिलं आहे.

बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याच्या पहिल्या अध्यायात 'देव म्हणाला' असं दहा वेळा येतं. मोजून पाहा. शेजारच्या बाबिलोनमध्ये याच सुमाराची जी कथा सांगत, तिच्यात मर्दुक हा देव तियामत या देवीला मारतो, तिच्या धडाची दोन शकलं करतो आणि एका शकलाचं आकाश होतं. पुढे दुसऱ्या एका मारलेल्या देवाच्या रक्तातून माणूस घडतो. म्हणजे तिथे जग हे युद्धातल्या प्रेताचं असतं. उत्पत्तीत लढाई नाही, प्रेत नाही, कच्चा माल कुठून आणला याची चर्चा नाही. प्रकाश होवो, आणि प्रकाश झाला. बायबलमधलं तेहतिसावं स्तोत्र हेच सांगतं, परमेश्वराच्या शब्दाने आकाश झालं.

इथे हमखास कुणीतरी उठून विचारतं, देव कुठल्या भाषेत बोलला? मागे एका गावी एकाने हिब्रू म्हटलं, दुसऱ्याने संस्कृत, आणि सभा त्यावरच संपली. हा प्रश्न संत ऑगस्टीनने इ.स. 400च्या सुमारास आपल्या आत्मकथनात निकालात काढला आहे. बोलणं म्हणजे एक अक्षर संपून दुसरं येणं. त्याला कंठ लागतो, हवा लागते, काळ लागतो. आणि या सगळ्या गोष्टी तर अजून व्हायच्या होत्या! तेव्हा ज्या शब्दाने त्या झाल्या तो उच्चारून विरणारा शब्द नव्हे, तो देवासह सदा असलेला शब्द. ऑगस्टीनचं हे पान मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवायचो, तेव्हा वर्गातली नेहमी झोपणारी पोरंही जागी व्हायची.

मग हा सदा असलेला शब्द देवाच्या बाजूचा की आपल्या बाजूचा? अलेक्झांड्रियाच्या फिलो या यहुदी विचारवंताने ख्रिस्ताच्याच काळात फार नाजूक उत्तर दिलं होतं: तो मध्ये उभा आहे, देवासारखा अनिर्मित नाही आणि आपल्यासारखा निर्मितही नाही. त्याच शहरात अडीचशे-तीनशे वर्षांनी एरियस नावाच्या धर्मगुरूने ती मधली जागा मोडून काढली. शब्दही निर्मित आहे, तो म्हणाला. सगळ्यांत पहिला, सगळ्यांत थोर, पण निर्मित. 'तो नव्हता असं एकदा होतं.' एरियसने खलाशांसाठी, जात्यावर दळणाऱ्यांसाठी, वाटसरूंसाठी गाणी रचली असं फिलोस्टॉर्जियस हा इतिहासकार सांगतो. म्हणजे ग्रंथालयातलं भांडण थेट धक्क्यावर आलं. पुढे 380च्या दशकात निसाचा बिशप ग्रेगरी कॉन्स्टँटिनोपलमध्ये वैतागून म्हणतो, या शहरात सुटे पैसे मागायला जा, सराफ तुम्हाला जनित आणि अजनित यांवर प्रवचन देतो. पावाचा भाव विचारा, तो सांगतो, पिता मोठा, पुत्र लहान. स्नानाचं पाणी तापलं का विचारा, तर उत्तर येतं, पुत्र शून्यातून झाला! मला या ग्रेगरीची कीव येत नाही, हेवा वाटतो. आमच्या भाजीवाल्याशी मी हा विषय काढून पाहिला. त्याने जुडी परत मागितली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, 'पाच मिनिटं'. म्हणजे ज्यासाठी मला बोलावलं ते आता सुरू होतंय.

एरियसच्या गटाचं म्हणणं असं: देव अतिशुद्ध, अतिथोर. निर्मित वस्तूंना त्याच्या हाताचा थेट स्पर्श सोसवणार नाही. म्हणून त्याने आधी एकट्या शब्दाला निर्माण केलं आणि बाकीचं जग त्याच्याकरवी करवलं. आता हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज आहे का? हा सोवळ्यातला देव आहे. स्वतः चिखलाला हात लावायचा नाही, मधल्या माणसाने लावायचा. कितीही भक्तिभावाने मांडलं तरी त्यात सृष्टी विटाळाची ठरते.

एरियसचा विरोधक अथनासियस निकेयाला होता तो आपल्या बिशपांबरोबर आलेला तरुण डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पदावरचा सेवक, म्हणून. पुढे तो स्वतः अलेक्झांड्रियाचा बिशप झाला आणि पाच वेळा हद्दपार झाला. त्याचं उत्तर सरळ आहे. निर्मित वस्तूला देवाचा स्पर्श सोसत नसेल, तर निर्मित शब्दाला तरी कसा सोसला? त्यालाही आधी मध्यस्थ लागेल, त्या मध्यस्थाला आणखी एक, आणि ही रांग संपायचीच नाही. बरं, शब्दाला सोसला असेल तर बाकीच्यांनाही सोसेल, मग मध्यस्थ हवाच कशाला? जो देव चिमणीची काळजी घेतो आणि डोक्यावरचे केस मोजतो, त्याला चिमणी घडवण्यात कमीपणा कसा वाटेल?

म्हणून निकेयाच्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, पुत्राविषयी 'जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे' असं ठासून लिहिलं, आणि त्याच दमात 'ज्याच्याकडून सर्व काही झाले'. ही दोन वाक्यं एकमेकांना चिकटलेली आहेत हे आपण दर रविवारी म्हणताना विसरतो. रेषा एकच. तिच्या एका बाजूला निर्माता, दुसऱ्या बाजूला गोगलगाईपासून देवदूतांपर्यंत सगळे. मधे कुणी दलाल उभा नाही. शब्द रेषेच्या पलीकडे आहे, म्हणून जग हे देवाचं स्वतःचं काम आहे. आणि म्हणून चौदाव्या ओळीत तोच शब्द देही होतो तेव्हा काही विपरीत घडत नाही. ज्याने माती पहिल्यापासून स्वतः हाताळली, तो मातीचं शरीर धारण करतो. एरियसच्या हिशेबात देहात आला तो मधला कारभारी. धनी वरच राहिला.

बेल वाजली, ऐकली. आणखी एकच मुद्दा, कारण तो टाळला तर अप्रामाणिकपणा होईल. एरियसकडे एक भक्कम वचन होतं. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात ज्ञान बोलतं की परमेश्वराने आपल्या कार्याच्या आरंभी मला निर्माण केलं. त्या काळी सगळे वाचायचे त्या ग्रीक पाठात 'निर्माण केलं' असंच होतं, आणि ज्ञान म्हणजेच शब्द हे दोन्ही गटांना मान्य. अथनासियस त्यावर पानंच्या पानं लिहितो आणि ते वचन शब्दाने पुढे धारण केलेल्या मानवी देहाविषयी आहे असं म्हणतो. मला हे ओढून-ताणून आणलेलं वाटतं. तो वाद अथनासियसने या वचनावर नाही जिंकला, त्या न संपणाऱ्या रांगेवर जिंकला. पहिल्या रांगेतल्या फादरांचा चेहरा सांगतो आहे की त्यांना हे मान्य नाही. चहा तयार आहे म्हणतात, तिथे भांडू.