पायात जीव नाही, म्हणजे नेमकं काय?

श्रोतेहो, नमस्कार. अमळनेर-पारोळ्याकडचे पेशंट खुर्चीवर टेकता टेकताच सांगतात, "डॉक्टरसाहेब, मन्हा पायमा जीव नही." आणि पिशवीतून एमआरआयची फिल्म काढतात. ती मी बाजूला ठेवतो. जीव नाही म्हणजे काय, हे आधी कळू द्या.

चालताना चप्पल कधी निसटली ते कळलंच नाही? मग पाय बधिर आहे. दोष पायाच्या नसांत, मागे बऱ्याचदा जुना मधुमेह. चप्पल टिकते, पण उकिडवं बसल्यावर उठवत नाही, हंडा डोक्यावर चढत नाही? संशय स्नायूंवर. लहान मुलगा स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत उठत असेल, तर आधी रक्तातलं सीपीके बघतो; स्नायू खराब झाले की ते वाढतं.

मग रबरी हातोडी, गुडघ्याखाली मारून पाय झटका देतो का ते बघायला. मग तळव्यावर किल्लीने रेघ. मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळायला हवा. वर गेला तर बिघाड मेंदूत किंवा मज्जारज्जूत. बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरांनी १८९६ साली सांगितलेली ही खूण. खर्च शून्य, म्हणूनच बहुधा पेशंटला ती तपासणी वाटत नाही.

किती वेळात झालं, हेही विचारतो. क्षणात एक बाजू गेली तर लकवा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेव्हा मालिशवाल्याकडे जाऊ नका. दोन-चार दिवसांत अशक्तपणा पायाकडून वर चढतोय आणि हातोडीला गुडघा हलत नाही? गुलेन-बारीची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटण्याच्या आजाराची, शंका घेऊन एका श्वासात आकडे मोजायला लावतो. श्वासाचे स्नायू किती थकलेत, ते त्यात कळतं.

सकाळी ठीक, दिवेलागणीला पापणी खाली, एकाची दोन माणसं दिसतात: हा मायस्थेनिया असू शकतो. नस जिथे स्नायूला निरोप देते, तिथला हा दोष. मेंदूच्या फिल्मवर तो दिसणार कसा? पापणीवर दोन मिनिटं बर्फ धरला की ती बरेचदा उचलते. पुढे नसेला पुन्हा पुन्हा हलका करंट देऊन स्नायूचं उत्तर क्षीण होतं का, ते मशीनवर पाहतात.

मण्यारीचं विष याच जागेवर घाव घालतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला गडी पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो, पापण्या जड, बोलणं अडखळतं. दंशाची खूण सापडेलच असं नाही. "पोट दुखतंय" एवढंच सांगू नका. पापण्या उचलत नाहीत, हेही सांगा. १०८ ला फोन करा आणि व्हेंटिलेटर असलेल्या दवाखान्यातच न्या.