आधी जोडी, मग पट्टे

पडद्यावर उघडलेली दिसते ती एक जुनी, निकामी झालेली हार्ड डिस्क आहे. चालू असताना तिची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेत असे आणि तिच्यावरून फिरणारे, माहिती लिहिणारे-वाचणारे हेड तबकडीला न टेकता काही नॅनोमीटर उंचीवर हवेच्या पातळ थरावर तरंगत असे. एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. त्यामुळे हवी असलेली नोंद हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांपेक्षा जास्त, थांबावेच लागते आणि हेडची भुजा योग्य जागी सरकण्याचा वेळ त्याहून निराळा असतो. तबकडीच्या कडेवर जी बारीक गोल रेघ चमकते आहे, तिथे हेड टेकले आणि ही डिस्क संपली.

अशी एखादी डिस्क गेली तरी माहिती शाबूत आणि वेगवान ठेवणारी ‘रेड १०’ ही रचना आज पाहायची आहे. त्यासाठी या टेबलावर तशाच आठ डिस्क एका पेटीत बसवल्या आहेत. प्रत्येकीची क्षमता ४ टेराबाइट आहे आणि त्यांच्यावर बचत खात्यांच्या नोंदींसारख्या, सरावासाठी तयार केलेल्या नोंदी सतत लिहिल्या आणि वाचल्या जात आहेत.

वेग हवा असेल तर उपाय सरळ आहे. मोठ्या फाइलचे सारख्या मापाचे तुकडे करायचे आणि पहिला पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसऱ्या डिस्कवर, असे ते ओळीने वाटत जायचे. यालाच स्ट्रायपिंग, म्हणजे पट्टे पाडणे, म्हणतात. लिनक्समध्ये हा तुकडा सहसा ५१२ किलोबाइटचा असतो. चार डिस्क एकाच वेळी कामाला लागल्या की सलग वाचनाचा वेग जवळपास चौपट होतो. मात्र त्यांपैकी एक जरी बंद पडली, तरी केवळ पाव माहिती जाते असे होत नाही. प्रत्येक मोठ्या फाइलमध्ये ठरावीक अंतराने भगदाडे पडतात आणि उरलेल्या तीन डिस्कवरचे तुकडे निरुपयोगी ठरतात.

मिररिंगचा स्वभाव याच्या उलट आहे. प्रत्येक नोंद एकाच वेळी दोन डिस्कवर लिहायची, म्हणजे एक गेली तरी दुसरी जशीच्या तशी हाताशी राहते. अखंड चालणाऱ्या संगणकांसाठी प्रसिद्ध असलेल्या टँडेम कंपनीने १९७० च्या दशकातच आपल्या यंत्रणांमध्ये अशा जुळ्या डिस्क वापरल्या होत्या.

या साऱ्याला एक समान चौकट मिळाली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलात. डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एका अवाढव्य, महागड्या डिस्कऐवजी व्यक्तिगत संगणकांत वापरल्या जाणाऱ्या अनेक छोट्या, स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्यापुढे एका बाजूला आयबीएमची सुमारे ७,५०० मेगाबाइटची डिस्क होती आणि दुसऱ्या बाजूला कॉनर कंपनीची अवघ्या १०० मेगाबाइटची, साडेतीन इंची डिस्क. अडचणही त्यांनीच आकड्यांत मांडली. एक छोटी डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असे धरले, तर शंभर डिस्कच्या संचात पहिला बिघाड सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत येणार. म्हणूनच माहितीची जादा प्रत किंवा ती पुन्हा उभी करता येईल अशी पडताळणीची जोड त्यांनी अनिवार्य मानली आणि ‘रिडंडंट अरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स’ म्हणजे ‘जादा प्रतीसह स्वस्त डिस्कचा संच’ याचे लघुरूप असलेले रेड हे नाव रूढ झाले. त्यांच्या मांडणीत मिररिंग हा पहिला स्तर होता. जादा प्रतीविना केलेल्या स्ट्रायपिंगला शून्य हा क्रमांक पुढे चिकटला. आज पडद्यावर दिसणाऱ्या रचनेचे ‘रेड १०’ हे नाव या दोन अंकांवरूनच आले आहे, त्यामुळे ते ‘दहा’ असे न वाचता ‘एक-शून्य’ असे वाचले तर तिचा क्रमही लक्षात राहतो.

हा क्रमच सर्वांत महत्त्वाचा आहे. आठ डिस्कच्या आधी चार जोड्या लावल्या आहेत आणि त्यानंतर माहितीचे पट्टे या चार जोड्यांवर पसरले आहेत. आता तिसरी डिस्क चालू स्थितीतच बाहेर ओढली जात आहे. तिच्या कप्प्यावरचा दिवा विझला आहे, तरीही उजवीकडच्या पडद्यावरचे व्यवहार थांबलेले नाहीत, कारण तिच्या जोडीदारावर प्रत्येक नोंद शाबूत आहे. यानंतर दुसरी एखादी डिस्क गेली, तर उरलेल्या सातांपैकी केवळ एक, म्हणजे हा जोडीदारच, सारे बुडवू शकतो. हाच क्रम उलटा लावला असता, म्हणजे चार-चार डिस्कवर आधी पट्टे पाडून मग त्या दोन संचांचे मिररिंग केले असते, तर पहिल्या बिघाडातच एक अख्खा संच बाद झाला असता आणि दुसऱ्या संचातली कोणतीही डिस्क, म्हणजे सातांपैकी चार, घातक ठरली असती. डिस्क तेवढ्याच, खर्च तेवढाच, आणि धोका चौपट.

रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी नवी डिस्क कप्प्यात सरकवली आहे. जोडीदारावरची माहिती तिच्यावर उतरवण्याची भरपाई सुरू होताच केवळ दोन दिवे अखंड लुकलुकू लागले आहेत, एक जोडीदाराचा आणि एक नव्या डिस्कचा. बाकीच्या सहा डिस्क आपल्या नेहमीच्या कामात आहेत. पॅरिटीवर, म्हणजे बाकीच्या डिस्कवरच्या माहितीवरून काढलेल्या पडताळणीच्या जोडीवर, चालणाऱ्या रेड ५ मध्ये याच कामासाठी उरलेल्या सातही डिस्क पूर्ण वाचाव्या लागल्या असत्या. तिथे एक लहानशी नोंद बदलतानाही जुनी नोंद व जुनी पॅरिटी वाचून मग दोन्ही नव्याने लिहाव्या लागतात, म्हणजे डिस्कवर चार कामे होतात. इथे दोनच लेखनांत काम होते. रात्रंदिवस बारीक नोंदी लिहिणाऱ्या डेटाबेसला हा फरक क्षणोक्षणी जाणवतो.

याची किंमत म्हणजे अर्धी जागा. ३२ टेराबाइटपैकी १६ टेराबाइटच वापरायला मिळतात; रेड ५ मध्ये २८ आणि दोन डिस्कइतकी पॅरिटी ठेवणाऱ्या रेड ६ मध्ये २४ मिळाले असते. ही अर्धी जागा वाया गेली असे म्हणणे चुकीचे आहे, कारण मघाशी डिस्क ओढल्यावर व्यवहार चालू राहिले ते तिच्याच बळावर. जोडीतल्या दोन्ही डिस्क एकाच खेपेतल्या असू नयेत, हेही ती जोडी लावतानाच पाहिले पाहिजे. एकाच जोडीतल्या दोन्ही डिस्क गेल्या तर सारा संच जातो, आणि चुकून पुसलेली नोंद दोन्हीकडून पुसली जाते. त्यासाठी स्वतंत्र बॅकअप लागतोच.

भरपाईचा वेग सुरुवातीला सेकंदाला दोनशे मेगाबाइटच्या वर होता. हेड तबकडीच्या आतल्या, आखूड वर्तुळांकडे सरकत गेले तसा तो उतरत गेला. सरासरी दीडशे धरली तर ४ टेराबाइटला साडेसात तासांच्या आसपास लागतात. पहाटेचे ५ वाजून १० मिनिटे झाली आहेत. पडद्यावर आठ डिस्कच्या आठ खुणांपैकी तिसऱ्या जागेवरची, डिस्क नसल्याचे दाखवणारी आडवी रेघ गेली आहे आणि आठही जागा भरल्या आहेत.