एदलाबादच्या आमदार

श्रोतेहो, नमस्कार.

प्रतिभाताई पाटील म्हटलं की राष्ट्रपती भवन आठवतं. मला मात्र त्यांची आमदारकीची तेवीस वर्षं जास्त मोलाची वाटतात.

ताईंचा जन्म १९३४ चा, बोदवडजवळच्या नाडगावचा. शिक्षण जळगावात, मू. जे. कॉलेजात. टेबल टेनिसच्या ढाली जिंकल्या, एम. ए. झाल्या, मुंबईला कायदा शिकल्या आणि जळगावच्या कोर्टात वकिलीला उभ्या राहिल्या.

आता जिल्ह्याच्या कोर्टातली वकिली कशी असते, हे तुम्हाला मी काय सांगू? बांधाचा वाद, भाऊबंदकी, मोजणीत सरकलेली हद्द. पक्षकार पहाटेच्या एसटीनं येतो. पिशवीत सातबारा, फेरफाराचा उतारा आणि फडक्यात बांधलेल्या दशम्या. दिवसभर व्हरांड्यात बसतो आणि पुढची तारीख घेऊन गावी जातो. चार तारखा झाल्या की वकिलाला त्याची सोयरीकसुद्धा पाठ होते. मतं मागायला निघणाऱ्याला आणखी काय हवं?

१९६२ साली महाराष्ट्र राज्याच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली. ताई सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून निवडून आल्या. पुढच्या वेळी त्यांनी शहर सोडलं आणि एदलाबाद धरलं, म्हणजे आजचं मुक्ताईनगर. पूर्णाकाठचा, मध्य प्रदेशाला टेकलेला केळी-कापसाचा मुलूख. १९६७ पासून तिथून सलग चार वेळा! १९६५ मध्ये लग्न होऊन सासर अमरावतीचं झालं, पण मतदार माहेरचेच राहिले. १९९१ मध्ये लोकसभेला मात्र सासरनं कौल दिला.

आरोग्य, समाजकल्याण, शिक्षण, नगरविकास अशी बरीच खाती त्यांनी सांभाळली. ती यादी वाचत बसत नाही. खरी कसोटी लागली ती सत्ता गेल्यावर. १९७८ साली राज्यात शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाचं, म्हणजे पुलोदचं, सरकार आलं; काँग्रेस तर आधीच फुटलेली. कितीजणांनी वारं पाहून पाठ फिरवली! ताई इंदिरा गांधींच्या बाजूलाच थांबल्या आणि १९७९ मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. मंत्र्याला उत्तराची टिपणं खातं पुरवतं. विरोधी बाकावर स्वतःलाच कागद चाळावे लागतात. तिथे वकिली कामी येते.

सगळंच काही गोड नव्हतं. त्यांच्या पुढाकारानं जळगावात निघालेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं २००३ साली रद्द केला. ठेवीदारांचं घर असलेल्या जिल्ह्यात ही गोष्ट कोण विसरेल? २००७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत विरोधकांनी ती उकरून काढलीच.

त्याआधी त्या राजस्थानच्या राज्यपाल होत्या. तिथल्या विधानसभेनं संमत केलेलं धर्मांतरविषयक विधेयक २००६ साली त्यांच्यासमोर आलं, तेव्हा सही न करता त्यांनी ते परत पाठवलं. आणि गंमत पाहा, राष्ट्रपतिपदासाठी भाजपच्या पाठिंब्यावर समोर उभे राहिले ते राजस्थानचेच भैरोंसिंह शेखावत. ताईंच्या सासरचं आडनावही शेखावतच! शिवसेना तेव्हा भाजपसोबत होती, तरी मराठी उमेदवार म्हणून तिनं ताईंना मतं दिली.

नमस्कार.